पक्षी धरणाऱ्या हाताचा हिशेब

बुलढाणा जिल्ह्यातल्या एखाद्या कॉलेजातून प्राणिशास्त्रात एमएस्सी करून कुणी पक्ष्यांवर पीएचडी करायची म्हटले, की घरात आधी पोटापाण्याचे विषय निघतात. फेलोशिप मिळणार का, गाइड कोण, पाच-सहा वर्षांनी नोकरीचे काय. हे विषय रास्तच आहेत, पण त्यांच्या आड एक जुना प्रश्न उभा असतो आणि घरातले एखादे वडीलधारे माणूस तो सरळ विचारून टाकते: पाखरे धरायची, म्हणजे पाप नाही का लागणार? अमरावतीच्या विद्यापीठात नाव नोंदवा, देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेत जा किंवा बंगळुरूच्या एखाद्या प्रयोगशाळेत. पक्ष्यांच्या परिसरशास्त्रावर काम करणाऱ्या गटात गेले की बहुतेकांच्या वाट्याला ती पहाट येते. दोन बांबूंमध्ये काळ्या बारीक धाग्याचे, झाडीत मिसळून जाणारे जाळे ताणलेले असते. त्यात एक बुलबुल अडकतो. त्याचे पाय, मग पंख, मग डोके अशा क्रमाने धागे सोडवले जातात, कापडी पिशवीत घालून त्याचे वजन होते. मग त्याची मान तर्जनी आणि मधल्या बोटाच्या बेचक्यात, पाठ तळहाताला टेकलेली, अशा पकडीत त्याच्या पायात अॅल्युमिनियमची हलकी कडी बसवतात, पंख मोजतात, कधी पंखाखालच्या शिरेतून रक्ताचा थेंब घेतात. पक्ष्याची चोच उघडी असते, छाती बोटांना लागेल इतकी धडधडते. काही मिनिटांत त्याला सोडून देतात. त्या काही मिनिटांचा अधिकार माणसाला कुठून मिळाला, हा या लेखाचा विषय आहे.

वऱ्हाडाच्या या भागात हा प्रश्न हसण्यावारी नेता येत नाही, कारण इथल्या धर्मपरंपरांनी तो फार पूर्वीपासून मनावर घेतला आहे. लोणार आणि मेहकर ही दोन्ही गावे महानुभावांच्या लीळाचरित्रात येतात. चक्रधरस्वामी आणि यादव राजा यांची भेट लोणारला झाल्याचे त्यात सांगितले आहे. त्याच ग्रंथात शिकाऱ्यांच्या कुत्र्यांपुढे जिवाच्या आकांताने पळणारा एक ससा स्वामींच्या आश्रयाला येऊन दडतो, आणि शरण आलेल्या जिवाला मारायचे नसते हे शिकाऱ्यांना पटवून स्वामी त्याला जाऊ देतात. बुलढाण्याचा विद्यार्थी ज्या विद्यापीठात नाव नोंदवतो त्याला संत गाडगेबाबांचे नाव आहे, आणि गाडगेबाबांनी आयुष्यभर कीर्तनांतून जत्रेतल्या पशुबळीवर कोरडे ओढले. जिल्ह्यात जैन घरे आहेत, मोठ्या संख्येने बौद्ध आहेत, माळकरी आहेत. मुक्या जिवाला त्रास देऊ नये ही इथली शिकवण पुस्तकी नाही. ती घरोघरी पाळली जाते. तेव्हा संशोधनाच्या नावाखाली पक्षी मुठीत धरणाऱ्याने या शिकवणीला उत्तर दिले पाहिजे. विज्ञान आणि धर्म यांची क्षेत्रे वेगळी, असे म्हणून अंग काढून घेणे मला पटत नाही. हात एकच आहे.

हिंसा कशात असते, यावर भारतीय परंपरांत जुना वाद आहे. मज्झिम निकायातल्या उपाली सुत्तात तो समोरासमोर होतो. शरीराने केलेले दुष्कर्म जास्त जड की मनाने केलेले? निर्ग्रंथांचा, म्हणजे जैनांचा, गृहस्थ अनुयायी उपाली शरीराच्या बाजूने बोलतो, बुद्ध मनाच्या बाजूने. संशोधकाला बुद्धाची बाजू सोयीची वाटेल. माझा हेतू चांगला आहे, मला पक्षी वाचवायचे आहेत, तेव्हा मी निर्दोष. पण ही सोय घाईची आहे. बुद्धाने हेतूला महत्त्व दिले ते हेतू तपासण्यासाठी. हेतू जाहीर केला की सुटका, असे त्याने कुठेच म्हटले नाही. या बाबतीत मला जैन आचार्य उमास्वातींची व्याख्या अधिक उपयोगी वाटते. तत्त्वार्थसूत्रात ते हिंसेच्या व्याख्येतच प्रमाद आणतात: बेसावधपणाने, प्रमादाने वागून जिवाचा घात करणे ती हिंसा. आणि दशवैकालिक सूत्र दयेच्याही आधी ज्ञानाला जागा देते, कारण ज्याला जीव कशाला म्हणतात, तो कुठे असतो, कशाने दुखावतो हेच माहीत नाही, तो त्याला जपणार कसा? या दोन गोष्टी एकत्र ठेवल्या की माझे म्हणणे उभे राहते. ज्ञानाशिवायची दया स्वतःच प्रमादी असते. आणि ज्ञान मिळवताना झालेला प्रमाद आपल्याला आतून दिसत नाही. तो मोजावा लागतो, दुसऱ्याच्या डोळ्यांखाली मोजावा लागतो. पक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्या गटात जाण्याला धार्मिक दृष्टीने काही अर्थ असेल तर तो इथे आहे. तिथे माणूस आपली दया हिशेबाला लावतो.

ज्ञानाशिवायची दया किती जीव घेऊ शकते, याचा आपल्या काळातला सर्वात मोठा पुरावा गिधाडांचा आहे. शेतकऱ्याचे बैलावर प्रेम असते. पोळ्याला ज्याच्या शिंगांना रंग लावला, ज्याला पुरणपोळी चारली, तो बैल लंगडायला लागला, गाय तापाने बसून राहिली, तर त्यांना सुई टोचून आणणे ही दयाच आहे. १९९०च्या दशकात या कामासाठी डायक्लोफिनॅक हे स्वस्त आणि गुणकारी वेदनाशामक जनावरांच्या दवाखान्यांतून सर्रास वापरात आले. म्हातारी ढोरे न विकता मरेपर्यंत सांभाळणे ही इथली रीत. शेवटच्या दिवसांत त्यांच्या वेदना कमी व्हाव्यात म्हणून हेच औषध दिले जाई. मग जनावर मरे, गावाबाहेर टाकले जाई आणि गिधाडे येत. त्यांच्या मूत्रपिंडांना ते औषध झेपत नसे. मूत्रपिंडे निकामी होत, युरिक आम्ल आतल्या अवयवांवर पांढऱ्या थराने साचे, आणि पक्षी मरत. १९९२ ते २००७ या काळात भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडे ९९.९ टक्क्यांनी कमी झाली. लांब चोचीच्या गिधाडांची घट ९७ टक्क्यांच्या आसपास होती. पुढे झालेल्या हिशेबांतून असे दिसले की एवढ्या संहारासाठी शंभरातले एक मेलेले जनावरही औषध दिलेले असावे लागत नाही, त्याहूनही कमी पुरते. कारण गिधाडे एका मढ्यावर थव्याने जेवतात. या सगळ्या साखळीत क्रूर माणूस एकही नाही. शेतकरी दयाळू, डॉक्टर दयाळू, गोरक्षणवाले दयाळू. एवढ्या दयाळू लोकांच्या हातून लाखो पक्षी गेले आणि कुणालाही पाप केल्याची जाणीव झाली नाही, कारण आपण काय करतो आहोत हेच कुणाला ठाऊक नव्हते.

हे कळले कसे, ते पाहणे महत्त्वाचे आहे, कारण तिथेच प्रश्न सर्वात अवघड होतो. भरतपूरच्या केवलादेव उद्यानात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अभ्यासकांनी गिधाडांची घट नोंदवली. ती नुसत्या पाहण्यातून, मोजण्यातून लक्षात आली. पण पाहण्यातून मरण दिसले, कारण दिसले नाही. रोग असेल, कीटकनाशक असेल, अन्न कमी झाले असेल, असे तर्क चालू राहिले आणि पक्षी मरत राहिले. २००४ साली पाकिस्तानातल्या गिधाडांवर काम करणाऱ्या गटाने कारण सिद्ध केले. त्यासाठी त्यांनी मेलेली गिधाडे फाडून तपासली, ऊतींत औषध शोधले, आणि शेवटी, पुन्हा मोकळे सोडण्याजोगी नसलेली काही बंदिस्त गिधाडे निवडून त्यांना डायक्लोफिनॅक आणि ते औषध दिलेल्या जनावरांचे मांस खाऊ घातले. त्यांतली बरीच मेली. त्या मरणातून संशय संपला. २००६ मध्ये भारताने जनावरांसाठी डायक्लोफिनॅकवर बंदी घातली. त्याच वर्षी मेलोक्सिकॅम हे दुसरे औषध गिधाडांना सुरक्षित असल्याचे प्रसिद्ध झाले, आणि ती चाचणी करताना संशोधकांनी वेगळी वाट धरली: आधी आफ्रिकेतल्या, त्या वेळी मुबलक असलेल्या जवळच्या जातीवर, लहान मात्रेपासून पायरीपायरीने वर जात, आणि मग आपल्याकडच्या मोजक्या पक्ष्यांवर.

पहिल्या प्रयोगाबद्दल काय म्हणावे? काही जण म्हणतील, थोडी गिधाडे गेली आणि उरलेली जात वाचली, हिशेब सोपा आहे. मला तो सोपा वाटत नाही. जाणूनबुजून विष दिलेले ते पक्षी मेले, ती हिंसा होती, आणि पुढे झालेल्या भल्याने ती धुऊन निघत नाही. पण तो प्रयोग न करता केवळ तर्कावर बसून राहणे ही अहिंसा होती, हेही मी मानणार नाही. तर्काच्या प्रत्येक महिन्यात आणखी हजारो पक्षी मूत्रपिंडे सुजून मरत होते, आणि ज्यांनी काही केले नाही त्यांचे हात स्वच्छ राहिले ते केवळ त्या मरणाची नोंद त्यांच्या नावावर पडली नाही म्हणून. अशा वेळी धर्माची मागणी दोन गोष्टींची असते असे मला वाटते: जी हिंसा टळत नाही ती हिंसा या नावानेच वहीत लिहावी, आणि पुढच्या वेळी ती कमी कशी होईल ते शोधावे. मेलोक्सिकॅमच्या चाचणीत नेमके हेच घडले. तिथे प्रमाद कमी झाला, आणि तो पहिल्या प्रयोगाच्या नोंदी उघड होत्या म्हणून कमी झाला.

इथे एक रास्त आक्षेप येतो. गिधाडांचे संकट अपवादात्मक होते. रोजच्या अभ्यासासाठी पक्षी धरायची गरजच काय? दुर्बीण आहे, कॅमेरा आहे, आवाज टिपणारी यंत्रे आहेत. हा आक्षेप मी बऱ्याच अंशी मान्य करतो. लोणारच्या विवर-सरोवराचे उदाहरण घ्या. नोव्हेंबर २०२० मध्ये हे सरोवर पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेले. तिथे १६० जातींचे पक्षी असल्याची नोंद आहे, त्यांत संख्येने घटत चाललेला पांढऱ्या मानेचा करकोचाही आहे. त्याच वर्षी जूनमध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले. पाण्याची पातळी घटून खारटपणा वाढला, त्यात खारात वाढणारे सूक्ष्मजीव फोफावले आणि त्यांच्या रंगद्रव्याने हा रंग आला, असे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत आढळले. पाण्यात असा बदल झाला की काठावर चरणाऱ्या पक्ष्यांच्या खाण्यावर काय परिणाम होतो, गोड्या झऱ्यांच्या तोंडाशी कोणते पक्षी जमतात आणि खाऱ्या चिखलात कोणते, विवराच्या उतारावरच्या झाडीत कोण घरटी करते, हे सारे कुठल्याही पिसाला हात न लावता कळू शकते. असे काम पुरेसे झालेले नाही, आणि जाळे लावण्याआधी ते व्हायला हवे. हात न लावता उत्तर मिळत असेल तर हात लावू नये, हा नियम अहिंसेतून येतो आणि चांगल्या विज्ञानातूनही येतो.

पण सगळ्याच प्रश्नांना असे उत्तर मिळत नाही. ओळख पटल्याशिवाय एका पक्ष्याचे आयुष्य कळत नाही. यंदाची जोडी गेल्या वर्षीचीच आहे की ती मेली आणि तिच्या जागी दुसरी आली, हे दुर्बीण सांगू शकत नाही. हिवाळ्यात आपल्या तलावांवर उतरणारे पट्टकदंब हंस कोणत्या वाटेने हिमालय ओलांडतात हे त्यांच्यावर टॅग लावल्याने कळले. याउलट उदाहरणही आहे, आणि ते झाकणे बरे नाही. नागालँडच्या डोयांग जलाशयापाशी २०१२ साली अमूर ससाण्यांची प्रचंड शिकार उघडकीस आली. पुढच्या वर्षी ती थांबली ती मुख्यतः गावसभांच्या ठरावांनी आणि चर्चच्या आवाहनांनी. तीन ससाण्यांवर उपग्रह-टॅग बसले ते त्यानंतर. म्हणजे तिथे दया आधी आली आणि ज्ञान मागून. पण दयेला कुठे लक्ष ठेवायचे हे त्या तीन पक्ष्यांनी दाखवले: मंगोलियापासून मध्य भारत ओलांडून, अरबी समुद्रावरून आफ्रिकेपर्यंतची वाट. एका गावाने शिकार थांबवणे आणि एवढा सगळा पट्टा सांभाळणे ही वेगळी कामे आहेत.

दुसरा आक्षेप संमतीचा. पक्ष्याने होकार दिलेला नाही. खरे आहे, आणि तो कधी देऊही शकणार नाही. म्हणूनच जबाबदारी सगळी धरणाऱ्यावर पडते. इथे एक गोष्ट मात्र विसरू नये. जो हात कधी पक्षी धरत नाही तोही निर्दोष नसतो. आपल्या सोयाबीन-कपाशीवरची फवारणी, माळरान नांगरून टाकणे, विहिरी आणि रस्ते, यांतले कशालाही टिटवीने संमती दिलेली नाही. दुसरा दोषी आहे म्हणून मी सुटलो, असे मला म्हणायचे नाही. पण स्पर्श न करणे म्हणजेच अहिंसा, ही समजूत जिल्ह्यातल्या कुठल्याही शेताच्या बांधावर टिकत नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वात टोचतो. फासेपारध्याने तितर धरला तर तो गुन्हा, आणि विद्यापीठाच्या मुलाने जाळे लावले तर ते संशोधन? १८७१च्या कायद्याने ज्या समाजांवर जन्मजात गुन्हेगार असा शिक्का बसला, त्यांत पारधी होते. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांचा फासा बेकायदा ठरवला; त्याच कायद्याच्या बाराव्या कलमात शास्त्रीय संशोधनासाठी परवान्याची वाट ठेवली. तितराचा आवाज हुबेहूब काढणारा, गवत कसे वाकले आहे त्यावरून लाव्याची वाट ओळखणारा माणूस अडाणी ठरतो, आणि त्याच्याकडून ठिकाण विचारून घेणाऱ्याला पदवी मिळते. हा अन्याय आहे आणि परवान्याचा कागद दाखवून तो मिटत नाही. दोन्ही हातांमध्ये नैतिक फरक असेल तर तो एकच असू शकतो: एक हात आपण केलेल्या प्रत्येक पकडीचा, इजेचा आणि मरणाचा हिशेब जाहीर देतो. तो हिशेब देत नसेल, तर पारध्याच्या फाशापेक्षा विद्यापीठाचे जाळे तसूभरही पवित्र नाही. शिवाय पारध्याची गरज भुकेची होती, आणि संशोधकाची प्रबंधाची आहे. तराजू उलटाच झुकतो. अकोला-वाशीम भागात तणमोर आणि त्याचे गवताळ माळ राखण्याचे काम फासेपारधी समाजातल्या लोकांनीच पुढे होऊन केले आहे. पक्ष्यांवर काम करणाऱ्या कुठल्याही गटाने ज्यांच्याकडून शिकले त्यांची नावे शोधनिबंधावर घालणे हा उपकार नव्हे, ते देणे आहे.

हिशेब म्हणजे नेमके काय, ते सांगायला हवे, नाहीतर तो शब्द पोकळ राहील. अमेरिका आणि कॅनडातल्या पक्षी-रिंगिंग केंद्रांच्या नोंदी एकत्र करून २०१२ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जाळ्यातल्या ६ लाख २० हजारांहून अधिक पकडींमध्ये इजेचे प्रमाण हजारी सुमारे सहा आणि मृत्यूचे हजारी दोन-तीन निघाले. आकडा लहान आहे, पण शून्य नाही, आणि तो शून्य नाही हे संशोधकांनीच छापले. त्याहून मोठी गोष्ट पेंग्विनची. कित्येक दशके पेंग्विनच्या पंखाला धातूची पट्टी बांधून अभ्यास चालत असे, आणि पट्टीने फारसे काही बिघडत नाही असे मानले जाई. दक्षिण हिंदी महासागरातल्या क्रोझे बेटांवर फ्रेंच संशोधकांनी दहा वर्षे पट्टी असलेले आणि नसलेले राजपेंग्विन शेजारी शेजारी मोजले. २०११ साली त्यांनी लिहिले की पट्टीवाल्यांचे जगण्याचे प्रमाण १६ टक्क्यांनी कमी आणि पिल्ले ३९ टक्क्यांनी कमी. म्हणजे त्या पट्ट्यांवर उभे राहिलेले कित्येक जुने निष्कर्षही संशयात आले. आपल्याच क्षेत्राच्या हातून झालेली हिंसा शोधून काढणे आणि तिचा आकडा स्वतः जाहीर करणे, हे मला प्रतिक्रमणाच्या जवळचे वाटते. जैन साधक दिवसभरात झालेल्या दोषांची उजळणी करतो. इथे ती उजळणी दहा वर्षे चालली आणि तिचे फळ सर्वांसमोर ठेवले गेले.

याउलट एकट्या, कुणाला उत्तर न देणाऱ्या माणसाच्या हाती ज्ञान गेले की काय होते, त्याचे उदाहरण आपल्या सातपुड्यातलेच आहे. रानपिंगळा या छोट्या घुबडाचे शास्त्रीय वर्णन अॅलन ह्यूमने १८७३ मध्ये केले. हा ह्यूम पुढे थिऑसॉफीकडे वळला, त्याने मांसाहार सोडला आणि आपला पक्ष्यांचा अवाढव्य संग्रह १८८५ साली ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. १८८४ नंतर रानपिंगळा कुणाच्या हाती लागला नाही. अपवाद होता तो रिचर्ड माइनर्टझहागेन या लष्करी अधिकाऱ्याच्या एका नमुन्याचा, जो त्याने १९१४ मध्ये गुजरातेत मिळवल्याचे सांगितले होते. तो नमुना चोरीचा होता. जेम्स डेव्हिडसनने खानदेशात मिळवलेला जुना पक्षी म्युझियममधून उचलून, पुन्हा भरून, त्याला खोटी चिठ्ठी बांधलेली होती. सालिम अली आणि डिलन रिप्ली यांच्यासारख्यांचे शोधही व्यर्थ गेले, आणि खोट्या चिठ्ठीने लोकांना भलतीकडे पाहायला लावले. पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी संग्रहातले नमुने तपासून लबाडी ओळखली, गुजरातची नोंद बाजूला ठेवली, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याला त्यांच्या चमूला जिवंत रानपिंगळा दिसला. आज तो मेळघाटातही आहे. त्याच जंगलाची पश्चिमेकडची अंबाबरवा ही टोकाची पट्टी बुलढाणा जिल्ह्यात येते. एका असत्याने शंभर वर्षांहून अधिक काळ हरवलेल्या पक्ष्याची वाट आणखी लांबवली. सत्य आणि अहिंसा ही वेगवेगळी व्रते म्हणून शिकवली जातात, पण इथे पहिले मोडले की दुसरे मोडतेच.

पुष्कळांची साक्ष घेऊन सत्य ठरवण्याची रीत या भागाला परकी नाही. रिद्धपूरला लीळाचरित्र सिद्ध करताना म्हाइंभटांनी स्वामींसोबत राहिलेल्यांकडून एकेक लीळा गोळा केली, आणि कुणाची आठवण वेगळी पडली तर त्या ग्रंथपरंपरेने तो फरकही सांगणाऱ्याच्या नावासह जपला. भक्तीला पुराव्याची लाज वाटली नाही. संशोधनगटातली साप्ताहिक बैठक, एकाने केलेली मोजमापे दुसऱ्याने तपासणे, पटले नाही ते उघड सांगणे, हे त्याच जातीचे काम आहे.

मात्र गट असला म्हणजे हे आपोआप घडते असे नाही. आपल्याकडे गाइडपुढे विद्यार्थी बोलत नाही. जाळ्यात पक्षी मेला तर नवखा मुलगा घाबरतो, तो पक्षी झुडपात टाकून वहीत काहीच लिहीत नाही. शोधनिबंधांची संख्या वाढवण्याच्या घाईत गरज नसलेल्या पकडी होतात, मे महिन्यातल्या चाळीस अंशांच्या उन्हात जाळे तासभर कुणी पाहत नाही. हा प्रमाद आहे, आणि तो हेतू कितीही चांगला असला तरी हिंसाच आहे. म्हणून प्रवेश घेण्याआधी विद्यार्थ्याने काही गोष्टी विचारून घ्याव्यात, आणि त्या विचारण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे. मेलेल्या आणि जखमी पक्ष्यांची नोंद कुठल्या वहीत होते, आणि ती मला पाहता येईल का? जाळे किती मिनिटांनी पाहिले जाते? ऊन चढले, पाऊस आला तर ते बंद करण्याचा अधिकार नव्या मुलालाही आहे का? हा प्रश्न पक्षी न धरता सोडवता येतो का, हे कुणी तपासले? आमच्याकडे पक्षी मरतच नाहीत, असे उत्तर आले तर तिथे वही नाही असे समजावे. अशा गटात जाऊन कडी बसवायला शिकण्यापेक्षा बारा महिने लोणारच्या काठावर दुर्बीण घेऊन मोजणी करावी. त्या कामावरही अमरावतीला पीएचडी होऊ शकते.